जुन्या घरगुती संगणकांवरची निष्ठा: हे केवळ स्मरणरंजन आहे का?

लोलक (धागाकर्ता)

ब्रिटनमध्ये १९८२ च्या सुमारास शाळांच्या मैदानांवर सुरू झालेले एक भांडण अजून मिटलेले नाही. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम श्रेष्ठ की कमोडोर ६४, हा त्याचा विषय. आज पंचावन्न-साठीला पोचलेली माणसे तितक्याच त्वेषाने आपापली बाजू मांडताना मी इथे इंग्लंडमधल्या मेळाव्यांत पाहतो, आणि बाहेरचे लोक त्याला 'बालपणाची ओढ' असे नाव देऊन विषय संपवतात. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

बालपणाची ओढ एवढेच कारण असते, तर त्याच घरांतल्या दूरचित्रवाणी संचांवर आणि टेपरेकॉर्डरवरही तेवढेच प्रेम दिसले असते. तसे दिसत नाही. हे संगणक एका माणसाला संपूर्णपणे समजू शकत होते, हे मला खरे कारण वाटते. स्पेक्ट्रमचा रॉम (यंत्राची कायमची आज्ञावली साठवणारी चिप) अवघा १६ किलोबाइटचा होता. इयन लोगन आणि फ्रँक ओ'हारा यांनी १९८३ मध्ये त्याची आज्ञावली संपूर्ण उकलून पुस्तकरूपाने छापली, त्यामुळे कोणती कळ दाबल्यावर आत कोणत्या पत्त्यावर काय घडते, हे शाळकरी मुलगाही ओळीवर बोट ठेवून वाचू शकत होता. यंत्र सुरू केले की क्षणात पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ सालची एक ओळ दिसे, आणि कळ दाबताच बेसिक ही आज्ञावली लिहिण्याची भाषा तयार असे. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये तिसरे काही नव्हते. 'पोक' आज्ञेने पडद्यासाठीच्या मेमरीत एक आकडा टाकला की पडद्यावर त्याच आकड्याचे ठिपके उमटत. ज्याचा तळ आपण स्वतः पाहिला आहे, त्या गोष्टीला माणूस सहजासहजी सोडत नाही, असे मला वाटते.

तुमच्या घरात, शाळेत किंवा नात्यात यांपैकी कोणता संगणक होता? त्याच्याबद्दल आजही आपुलकी असेल, तर ती कशामुळे आहे?

बेसिकप्रेमी

कमोडोर ६४ च्या बाजूने हजेरी लावतो. यंत्र सुरू करताच पडद्यावर दिसते तसे, आमच्याकडे ३८,९११ बाइट मोकळ्या आहेत, सर्वांचे स्वागत आहे!

आता गंभीरपणे लिहितो. आपले म्हणणे मला निम्मे पटते. माझ्या बाबतीत समज नंतर आली आणि कान आधी जिंकले गेले. कमोडोर ६४ मधली ध्वनीची चिप बॉब यॅनेस यांनी घडवली, आणि पुढे त्यांनी एन्सोनिक ही वाद्यांची कंपनी सुरू करण्यात भाग घेतला, यात आश्चर्य नाही, कारण ती चिप मुळात वाद्यच आहे. तीन स्वर, प्रत्येक स्वरासाठी तरंगांच्या चार प्रकारांची निवड, आणि या सगळ्यावर एक अ‍ॅनालॉग फिल्टर. या फिल्टरचे गुण सुरुवातीच्या चिपांमध्ये एकसारखे नसत, त्यामुळे तीच धून दोन यंत्रांवर थोडी वेगळी ऐकू येई. मित्राच्या घरी आपली आवडती धून ऐकली की काहीतरी खटकत असे, आणि घरी येऊन आपल्या यंत्रावर ती पुन्हा लावल्यावर समाधान होई. माझी निष्ठा कमोडोर कंपनीवर नव्हती, कमोडोर ६४ या नमुन्यावरही पूर्णपणे नव्हती. ती माझ्या टेबलावरच्या त्या एका यंत्रावर होती.

कऱ्हाकाठ

मी दोघांशीही असहमत आहे, आणि माझे कारण जरा रुक्ष वाटेल, पण ते मनापासूनचे आहे.

१९८२ मध्ये ४८ किलोबाइटचा स्पेक्ट्रम १७५ पौंडांना मिळे आणि १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना. शाळांना ज्याची शिफारस होत होती तो अ‍ॅकॉर्नचा बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, ३९९ पौंडांचा होता. कमोडोर ६४ सुद्धा स्पेक्ट्रमपेक्षा बराच महाग होता. माझे वडील तेव्हा इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात तंत्रज्ञ होते. बचतीतला मोठा वाटा खर्चून त्यांनी आमच्यासाठी स्पेक्ट्रम आणला, आणि घरात दुसरा संगणक येण्याची शक्यता नव्हती. शाळेत एखादा मुलगा म्हणाला की तुमच्या यंत्राचा कळफलक रबरी आहे आणि आवाज डासासारखा आहे, तर मला राग यायचा तो रबराच्या बाजूने नव्हे. वडिलांनी विचार करून घेतलेला निर्णय चुकीचा होता, असे ते बोलणे वाटायचे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे असेच होते, आणि कोणाच्या घरी किती पैसा आहे हे संगणकाच्या नावावरून ओळखता येत असल्यामुळे त्या भांडणाला धार होती.

रॉमचे पुस्तक वाचणारी मुले प्रत्येक शाळेत एक-दोन असतील. भांडणारी मुले मात्र सगळी होती. म्हणून समज हे निष्ठेचे मूळ आहे, असे मला वाटत नाही.

अनुस्वार

कऱ्हाकाठ, आपला प्रतिसाद फार आवडला, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळत नाही.

भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो देण्यात आले. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये अ‍ॅकॉर्नच्या परवान्याने हेच यंत्र 'युनिकॉर्न' या नावाने बनू लागले. महाराष्ट्रातल्या ज्या शाळेत मी शिकले तिथे ही यंत्रे आली होती. ती कोणाच्याच वडिलांनी घेतलेली नव्हती. बूट बाहेर काढून वातानुकूलित खोलीत जायचे, एका यंत्रापुढे तिघीतिघींनी बसायचे, आणि पाळी येईपर्यंत आज्ञावली वहीत पेन्सिलीने लिहून ठेवायची, असा प्रकार होता. घरी नेण्याची, त्यावर खेळण्याची किंवा मालकी सांगण्याची सोयच नव्हती. तरीही त्या यंत्राविषयीची माझी आपुलकी आजही तशीच आहे.

याचे कारण मला बीबीसी बेसिकमध्ये दिसते. सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या त्या बेसिकमध्ये नाव दिलेल्या प्रक्रिया लिहिता येत, म्हणजे मोठा प्रश्न छोट्या भागांत फोडून प्रत्येक भागाला नाव देता येई. शिवाय बेसिकच्या आज्ञावलीच्या मध्येच ६५०२ प्रोसेसरची असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञा, लिहिण्याची सोय होती. वहीवर लिहिताना विचाराला जी शिस्त लागली, ती पुढे पदवीच्या अभ्यासात आणि नोकरीत कामी आली. विल्सन यांनी याच बीबीसी बेसिकमध्ये एआरएम प्रोसेसरच्या आज्ञासंचाचे प्रारूप चालवून पाहिले होते, आणि एप्रिल १९८५ मध्ये पहिली एआरएम चिप प्रत्यक्षात चालली, हे मला फार नंतर कळले. आज सर्वांच्या फोनमध्ये ज्या घराण्याचे प्रोसेसर आहेत, त्याचा उगम मी बूट काढून ज्या यंत्रापुढे बसत होते त्याच्याशी जोडलेला आहे, हे वाचून अतिशय आनंद झाला होता.

मनमौजी

लोलक यांच्या मुद्द्यात मला एक भर घालायची आहे. केवळ समज नव्हे, तर मर्यादांची समज.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके असतात. ठिपका पेटला आहे की विझलेला, एवढेच साठवायला ६,१४४ बाइट लागतात. रंग मात्र प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र नसतो. आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला एक बाइट, असे ७६८ बाइट रंगासाठी राखलेले असतात, म्हणजे एका चौकोनात दोनच रंग मावतात. रिचर्ड ऑल्टवासर यांच्यापुढे १६ किलोबाइट मेमरीचे स्वस्त यंत्र बनवण्याचे काम होते, आणि पडद्यावरच सगळी मेमरी खर्च झाली असती तर आज्ञावली ठेवायला जागाच उरली नसती. या हिशेबामुळे लाल पात्र हिरव्या झाडासमोरून गेले की झाडही लाल होते, आणि कमोडोरवाले गेली चाळीस वर्षे आम्हाला त्यावरून हसत आहेत.

परंतु याच बंधनातून एक शैली निर्माण झाली. पात्र एकाच रंगाचे ठेवायचे, पार्श्वभूमी काळी ठेवायची, रंगाच्या सीमा चौकोनांच्या सीमांवर बसवायच्या, आणि ठिपक्यांच्या जाळीने छटा काढायच्या. आजही स्पेक्ट्रमवरचे चित्र एका नजरेत ओळखू येते. माझी निष्ठा त्या शैलीवर आहे, आणि ती शिकायला मला यंत्र आतून समजून घ्यावे लागले.

बेसिकप्रेमी

मनमौजी, हसत होतो हे खरे आहे, पण आदरानेच. आमच्याकडे २४ गुणिले २१ ठिपक्यांचे आठ स्प्राइट (हलती छोटी चित्रे) चिपनेच हलवून दिले, त्यामुळे सुरुवातीला आम्हाला एवढा विचार करावा लागला नाही, हे मान्य आहे.

सागरवेळा

माझा संगणक या भांडणात कुठेच बसत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आम्ही मूळचे रत्नागिरीचे, वडील कुवेतमध्ये नोकरीला होते. तिथे अल-आलमिया कंपनीचे 'सखर' संगणक मिळत. ते एमएसएक्स प्रकारचे होते. एमएसएक्स हे एका कंपनीचे यंत्र नाही, ते १९८३ मध्ये जपानमध्ये जाहीर झालेले सामाईक मानक आहे, आणि त्यानुसार सोनी, यामाहा, सान्यो, फिलिप्स अशा अनेक कंपन्यांनी संगणक बनवले. आमचा सखर यामाहाने बनवलेला होता आणि त्याच्या कळांवर इंग्रजीबरोबर अरबी अक्षरे होती. शेजारच्या घरी सान्योचे यंत्र होते, आणि त्यांची कार्ट्रिज आमच्या यंत्रात बिनतक्रार चालत, त्यामुळे 'तुझे यंत्र की माझे' हा वाद आमच्या इमारतीत कधी झालाच नाही. खेळांची अदलाबदल करणारी मुले सिंधी, मल्याळी, मराठी, पॅलेस्टिनी, मिसरी अशी सर्व प्रकारची होती.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. आम्ही इतर हजारो भारतीयांप्रमाणे इराकमार्गे जॉर्डनला पोचलो आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आलो. त्या मोहिमेत एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय परत आले. सोबत आणता येण्यासारख्या सामानात संगणक बसत नव्हता. वडिलांनी कागदपत्रे, दागिने आणि औषधे घेतली, आणि तेच योग्य होते. तो संगणक, त्याच्या कॅसेट आणि भावाने लिहिलेल्या आज्ञावल्या तिथेच राहिल्या.

भावाने पुढे मोठेपणी त्याच नमुन्याचा, अरबी कळांचा एक संच शोधून मिळवला. आता तो स्पेन आणि नेदरलँड्समधल्या एमएसएक्सप्रेमींशी नियमित पत्रव्यवहार करतो आणि नव्या खेळांची कार्ट्रिज मागवतो. याला स्मरणरंजन म्हटले तर मला वाईट वाटणार नाही, पण त्यात हरवलेले काहीतरी भरून काढण्याचा भाग आहे, एवढे मात्र नोंदवावेसे वाटते.

कऱ्हाकाठ

सागरवेळा, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. आपल्या बंधूंना नमस्कार सांगावा. मानक सामाईक असेल तर भांडण उरत नाही पण प्रेम उरते, ही फार महत्त्वाची नोंद आहे. म्हणजे भांडण आणि प्रेम या वेगळ्या गोष्टी मानून दोन्हींची कारणे स्वतंत्रपणे शोधली पाहिजेत. माझे स्पष्टीकरण भांडणाचे आहे, लोलक यांचे बहुधा प्रेमाचे असावे.

ब्रनोनिवासी

मी नोकरीनिमित्त चेकियातल्या ब्रनो शहरात राहतो. इथले माझे सहकारी स्पेक्ट्रमप्रेमी आहेत, पण त्यांच्यापैकी अनेकांनी लहानपणी खरा सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम क्वचितच पाहिला होता. १९८७ मध्ये जवळच्याच स्कालित्सा गावात, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियात, दिदाक्तिक गामा नावाचा स्पेक्ट्रमशी सुसंगत संगणक बनू लागला. पाश्चात्य यंत्र विकत घ्यायला परकी चलन लागत असे, आणि ते सामान्य घरात नसे. पोलंडमध्ये परकी चलनात विक्री करणाऱ्या पेवेक्स दुकानांतून अटारीचे ८-बिट संगणक विकले गेले, म्हणून पोलंडमधले लोक आजही अटारीचे अभिमानी आहेत. कोणते यंत्र प्रिय होईल हे आधी दुकानाने ठरवले आणि मग माणसांनी.

सोव्हिएत संघातली गोष्ट याहून विलक्षण आहे. स्पेक्ट्रममध्ये पडदा, कळफलक आणि ध्वनी सांभाळणारी एक खास चिप होती, आणि ती सुटी मिळणे तिथे अशक्य होते. हौशी अभियंत्यांनी तिचे काम साध्या तर्कद्वारांच्या चिपा जोडून पुन्हा उभे केले. लेनिनग्राड, पेंटॅगॉन, स्कॉर्पिअन अशा नावांचे आराखडे हातोहात पसरले, आणि लोकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डर करून आपापली यंत्रे बनवली. इंग्लंडमध्ये मात्र एप्रिल १९८६ मध्येच सिंक्लेअरने आपला संगणक व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅडला पन्नास लाख पौंडांना विकून टाकला होता. तिकडे कंपनी बाजूला झाली आणि इकडे यंत्राचा नवा जन्म चालू होता. पेंटॅगॉनसाठी आजही नवीन कलाकृती होतात. लोलक यांचा मुद्दा इथे पूर्णपणे लागू पडतो, कारण ज्यांनी स्वतः यंत्र उभे केले त्यांच्याइतके ते कोणाला समजणार?

प्रवासी पक्षी

भारतातही स्पेक्ट्रम प्लस 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने परवान्याने विकला जात होता. माझ्या मामांकडे होता. त्यावर टेप लावून खेळ चालू होईपर्यंत आम्ही भावंडे श्वास रोखून निळ्या-पिवळ्या पट्ट्या बघत असू.

तिसरी घंटा

कंपनी आणि यंत्र यांच्या फरकाबद्दल ब्रनोनिवासी यांनी लिहिले, त्यावरून अमिगा आणि अटारी एसटी या दोन संगणकांची हकीकत आठवली. कंपनीच्या नावावर निष्ठा ठेवणाऱ्यांची याहून मोठी परीक्षा झालेली मला माहीत नाही.

जॅक ट्रॅमिएल हे आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेले गृहस्थ. त्यांनी कमोडोर उभी केली, जानेवारी १९८४ मध्ये ते तिथून बाहेर पडले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी अटारीचा घरगुती संगणकांचा व्यवसाय विकत घेतला. त्यांच्या मागोमाग शिराझ शिवजी आणि आणखी काही अभियंते कमोडोर सोडून अटारीत गेले, आणि तिथे त्यांनी १९८५ मध्ये एसटी बनवला. दुसरीकडे, अटारीच्या ८-बिट संगणकांच्या खास चिपांमागे असलेले जे मायनर यांनी अटारी सोडून अमिगाच्या चिपा घडवल्या, आणि ती कंपनी कमोडोरने विकत घेतली. म्हणजे कमोडोरच्या माणसांचे यंत्र अटारीच्या नावाने विकले गेले आणि अटारीच्या माणसाचे यंत्र कमोडोरच्या नावाने! 'मी कायम कमोडोरचाच' असे म्हणणाऱ्याने १९८५ मध्ये कोणते यंत्र घ्यायला हवे होते?

पुढे तर नावांची वाताहतच झाली. कमोडोर एप्रिल १९९४ मध्ये बुडाली, पुढच्या वर्षी एस्कॉम या जर्मन कंपनीने तिची मालमत्ता घेतली, तीही १९९६ मध्ये बुडाली, आणि १९९७ मध्ये अमिगा गेटवेकडे गेली. एवढ्या हस्तांतरांत टिकून राहिले ते फक्त वापरणारे. एसटीला मिडीची, म्हणजे वाद्ये संगणकाला जोडण्याची, सोय मुळातच असल्यामुळे संगीतकारांनी तो स्टुडिओत वर्षानुवर्षे ठेवला, आणि अमिगावाल्यांनी आपापल्या यंत्रांसाठी वेगवान प्रोसेसरच्या पाट्या स्वतः बनवल्या. ज्या निष्ठेला कंपनीचा आधार उरला नाही, तीच सर्वांत खरी आहे, असे माझे मत आहे.

सोल्डरगन

चर्चा सुंदर चालली आहे, परंतु माझी एक कळकळीची विनंती आहे. प्रेम असेल तर यंत्र उघडून पाहा.

अमिगा ५०० प्लस आणि अमिगा २००० यांच्या मुख्य पाटीवर घड्याळासाठी एक निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती कालांतराने फुटते आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. यंत्र चालू असो वा माळ्यावर पडून असो, ही झीज थांबत नाही. ज्यांच्याकडे ही यंत्रे आहेत त्यांनी आजच ती बॅटरी कापून काढावी आणि जागा सौम्य आम्लाने पुसून घ्यावी, व्हिनेगर चालते. स्पेक्ट्रमच्या कळफलकाखालचा पातळ पडदा वाळून तडकतो, मात्र तो आता नव्याने बनतो आणि सहज मिळतो. जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर तपासून बदलावेत.

आठवणी एम्युलेटरमध्येही (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीत) जिवंत राहतात, हे मला मान्य आहे. पण अनुस्वार यांच्या शाळेतल्या त्या यंत्रांचे पुढे काय झाले असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होते. भारतातल्या शाळांतले बहुतेक बीबीसी मायक्रो भंगारात गेले असावेत.

प्रवासी पक्षी

अवांतर: मामांच्या नव्हे, दुसऱ्या एका ओळखीच्यांच्या कमोडोरचे प्लॅस्टिक पिवळे पडले आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की ते पूर्ववत होते, असे वाचले. करावे का?

सोल्डरगन

अवांतराला अवांतर: होते, पण कायमचे नाही. काही वर्षांनी पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो, आणि द्रावण एकसारखे लागले नाही तर ढगांसारखे डाग पडतात. हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहे. माझा व्यक्तिगत कल तो रंग तसाच ठेवण्याकडे आहे. आतली पाटी निरोगी असणे महत्त्वाचे.

नवी पालवी

माझा जन्म कमोडोर बुडाल्यानंतरचा आहे. आमच्या घरात यांपैकी एकही यंत्र कधी नव्हते, नात्यातही नव्हते. तरी मी कमोडोर ६४ साठी आज्ञावल्या लिहिते, म्हणून या धाग्यावर लिहिणे मला आवश्यक वाटले.

महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकताना मला सतत असे वाटायचे की मी कोणा दुसऱ्याच्या घरात पाहुणी आहे. प्रत्येक गोष्टीच्या खाली आणखी एक थर होता आणि तो 'सध्या लक्षात घेऊ नका' असे सांगितले जाई. मग एम्युलेटरवर कमोडोर ६४ भेटला. त्याच्या प्रोग्रामरांसाठीच्या संदर्भग्रंथात यंत्राचा संपूर्ण विद्युत आराखडाच छापलेला आहे, हे पाहून मी थक्क झाले. युरोपीय यंत्रात पडद्याच्या एका ओळीला प्रोसेसरची ६३ आवर्तने मिळतात, ओळी ३१२ असतात, म्हणून एका चित्रामागे १९,६५६ आवर्तने. हा आकडा पाठ झाला की तुम्ही प्रत्येक आज्ञा कोणत्या क्षणी चालेल हे कागदावर ठरवू शकता. ठरावीक ओळीवर पोचताच चिपला 'पडद्यावर अक्षरांच्या पंचवीस नव्हे, चोवीसच ओळी आहेत' असे सांगितले, तर चौकट सुरू करण्याची वेळ निघून गेली असे समजून ती चौकट काढतच नाही, आणि जिथे चित्र उमटू शकत नाही असे मानले जाई तिथे स्प्राइट दिसू लागतात. हे पहिल्यांदा जमले तेव्हा मी घरच्या सर्वांना बोलावून दाखवले.

अशा कलाकृती करणाऱ्यांच्या 'डेमोसीन'ची फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये आपल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. माझ्याकडे स्मरण नाही, त्यामुळे स्मरणरंजनही नाही. मला लोलक यांचे म्हणणे संपूर्ण पटते.

मनमौजी

नवी पालवी यांच्या प्रतिसादाला +१. मूळ प्रश्नाला मिळालेले हे सर्वांत थेट उत्तर आहे.

कऱ्हाकाठ

थेट आहे, पण पूर्ण आहे का? नवी पालवी यांच्यापर्यंत ते यंत्र पोचले ते एम्युलेटर लिहिणाऱ्यांमुळे, पुस्तके पानापानाने स्कॅन करणाऱ्यांमुळे, आणि विरत चाललेल्या कॅसेटमधून माहिती वाचवणाऱ्यांमुळे. ही माणसे कोण होती? ज्यांच्या वडिलांनी १९८३ मध्ये यंत्र आणले होते, तीच. स्पेक्ट्रमचा मोठा संग्रह १९९५ पासून इंटरनेटवर उभा राहिला तो हौशी माणसांच्या श्रमांतून. अ‍ॅमस्ट्रॅडने आपला रॉम एम्युलेटरबरोबर वाटण्याची परवानगी दिली, हेही मोलाचे ठरले. समज हे कारण मानले, तरी ती समज चाळीस वर्षे जपून पुढे देण्याची ताकद ओढीतूनच आली. मुलाला यंत्र आवडले म्हणून ते टिकले नाही. वडिलांनी दिलेली वस्तू टाकवली नाही, म्हणून टिकले.

लोलक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

कऱ्हाकाठ, आपला मुद्दा वजनदार आहे. त्यावर माझे उत्तर असे, की वडिलांनी दिलेल्या वस्तू आपण जपतो त्या कपाटात. स्पेक्ट्रमच्या बाबतीत लोकांनी केवळ जपणूक केली नाही, त्याच्यावर काम चालू ठेवले. २०१७ मध्ये स्पेक्ट्रम नेक्स्ट या स्पेक्ट्रमच्या नव्या अवतारासाठी लोकवर्गणी सुरू झाली तेव्हा सात लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. मूळ स्पेक्ट्रमला रूप देणाऱ्या रिक डिकिन्सन यांनीच त्याचे बाह्यरूप आखले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२० मध्ये ती यंत्रे लोकांच्या हाती पडली. त्यासाठी आज नव्या आज्ञावल्या लिहिल्या जात आहेत. जे यंत्र समजत नाही त्यावर माणूस पुढचे काम करू शकत नाही, म्हणून समज मला अजूनही आधी ठेवावीशी वाटते. सागरवेळा यांच्या बंधूंची गोष्ट मात्र या दोन्हींत बसत नाही, आणि ती बसवण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

अनुस्वार, केंब्रिजमधल्या संगणक इतिहासाच्या संग्रहालयात बीबीसी मायक्रो प्रत्यक्ष वापरायला मिळतात. इकडे येणे झाले तर आवर्जून जा.

पंचवटी

उशिरा आले, क्षमस्व. धागा वाचून काल नाशिकच्या घरातला माळा उघडला. काकांनी १९८५ मध्ये अमेरिकेहून आणलेला कमोडोर ६४ खोक्यासह मिळाला. सोबत त्याचा जड ट्रान्सफॉर्मर आहे. प्लग अमेरिकी आहे, पण अ‍ॅडॅप्टर लावून भिंतीला जोडला तर चालेल का?

सोल्डरगन

कृपया जोडू नका! तो ११० व्होल्टचा आहे आणि आपल्याकडच्या २३० व्होल्टवर जळेल. खाली उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला तरीही तो मूळ पुरवठा वापरू नका. त्यात आतला नियामक निकामी झाला की ५ व्होल्टचा दाब वाढतो आणि मेमरीच्या चिपा क्षणात जातात. ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी देणारा नव्या बनावटीचा, २३० व्होल्टवर चालणारा पुरवठा मागवा, आणि यंत्राला जोडण्याआधी मल्टिमीटरने ५ व्होल्टची वायर मोजा.

बेसिकप्रेमी

पंचवटी, अभिनंदन! एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकी यंत्र एनटीएससी या तिथल्या टीव्ही-पद्धतीचे असते, त्यामुळे तिथली आणि इथली अशा दोन्ही पद्धती स्वीकारणारा टीव्ही किंवा मॉनिटर लागेल. त्यातली चित्राची चिपही वेगळी आहे. ओळीला ६३ ऐवजी ६५ आवर्तने आणि ३१२ ऐवजी २६३ ओळी, म्हणून काही युरोपीय डेमो त्यावर बिघडलेले दिसतील. यंत्राचा तो दोष समजू नका.

नवी पालवी

एनटीएससी यंत्र माझ्याकडे नाही, आणि माझ्या आज्ञावल्या त्यावर कशा चालतात हे पाहण्याची फार इच्छा आहे. पंचवटी, नवा पुरवठा आला की कळवाल का? मी नाशिकपासून फार लांब नाही. येताना मल्टिमीटर मी घेऊन येईन.

पंचवटी

अवश्य या. पुरवठा आजच मागवते. काकाही तेव्हा इथेच असतील, त्यांनी वहीत लिहिलेल्या आज्ञावल्या खोक्यात सापडल्या आहेत, त्या त्यांनाच टाइप करू द्याव्यात असा विचार आहे.